तुरटी, मीठ आणि सोलापुरी टॉवेल

एक किलो सुताला गडद निळा किंवा मरून रंग चढवायला किती मीठ लागत असेल? आज सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग असतील तर साधारण अर्धा ते पाऊण किलो. म्हणजे सुताच्या वजनाच्या निम्मं किंवा त्याहून जास्त. तयार टॉवेल मात्र खारट नसतो. मीठ रंगाला सुतापर्यंत पोहोचवतं आणि धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातं.

त्याच पाण्यात पुढे तुरटी पडते. रंगाचा गाळ होऊन खाली बसतो, वरचं पाणी निवळतं. डाईंगमधलं मीठ आणि सांडपाण्याच्या टाकीतली तुरटी, दोन्ही आपलं काम एकाच कारणाने करतात. पाण्यातल्या बारीक कणांच्या अंगावर ऋण प्रभार असतो आणि या दोघांनाही तो मोडून काढायचा असतो. हे कारण नीट कळायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली. कळल्यानंतर त्याच्या जोरावर आपण गढूळ पाणी स्वच्छ करायला शिकलो, पण एक फट तशीच राहिली. तिची किंमत कोण मोजतं, हे सांगायला हा सगळा इतिहास उकरतोय.

मी सोलापूरचा. इंजिनिअरिंग करून सध्या हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी. रसायनशास्त्राशी शेवटचा संबंध पहिल्या वर्षाच्या ‘इंजिनिअरिंग केमिस्ट्री’त आला आणि तोही पास होण्यापुरता. पण ज्या शहरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं, तिथे वाढलेल्या कोणालाही पाण्याबद्दल वेगळं कुतूहल जोपासावं लागत नाही. शिवाय भूगोल असा, की हिंजवडीत मी बेसिनमध्ये जे सोडतो ते मुळा, मुळा-मुठा, भीमा असं करत उजनी धरणात जातं. आणि उजनीचं पाणी सोलापुरात माझ्या आईबाबांच्या नळाला येतं. मधे कोणीतरी ते निवळतं. कसं, हे मला समजून घ्यायचं होतं.

गाळ खाली का बसत नाही

आषाढीला पंढरपुरात चंद्रभागा पाहिली असेल तर भरलेल्या भीमेचा रंग माहीत असेल. ते पाणी हंड्यात भरून रात्रभर ठेवलं तर तळाशी थोडी वाळू आणि रेव बसते. वरचं पाणी सकाळीही गढूळच.

कारण आकारात आहे. ०.०१ मिलिमीटरचा मातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला तीन तास घेतो. त्याच्या दहापट बारीक, म्हणजे एक मायक्रॉनचा कण घेतला तर त्याच एक मीटरला जवळपास तेरा दिवस लागतात. आणखी दहापट बारीक कणाचं गणित केलं तर उत्तर साडेतीन वर्षं येतं. प्रत्यक्षात तो कधीच नीट बसत नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला सतत इकडून तिकडून ढकलत असतात. इतक्या बारीक कणांच्या अशा मिश्रणाला आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘कलिल’ म्हटलंय.

मग साधा प्रश्न येतो. हे कण सतत फिरतायत, एकमेकांच्या जवळ येतायत, तर चिकटून मोठे का होत नाहीत? मोठे झाले असते तर बसले असते.

याचं उत्तर सोलापूरच्या मातीतच आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट झिजून आपली काळी माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. हे खनिज म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. पापुद्रा तयार होताना काही जागी ॲल्युमिनियमच्या ऐवजी मॅग्नेशियम जाऊन बसतं. ॲल्युमिनियमचा प्रभार अधिक तीन, मॅग्नेशियमचा अधिक दोन. अशा प्रत्येक जागी एक ‘अधिक’ कमी पडतो आणि पूर्ण पापुद्र्याच्या वाट्याला ऋण प्रभार येतो. तो कायमचा असतो. माती भिजवा, वाळवा, नदीत टाका, तो जात नाही.

पाण्यात सुटलेले असे दोन कण जवळ आले की एकमेकांना ढकलतात. चिकटण्याइतकं अंतर उरतच नाही. म्हणून पावसाळ्यातली भीमा गढूळ ती गढूळच. बॅक्टेरियांचा बाहेरचा पृष्ठभाग, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंश, सांडपाण्यातले बारीक कण, यातले बहुतेक सगळे नेहमीच्या पाण्यात ऋण प्रभाराचेच असतात.

निवळीच्या बियांपासून तुरटीपर्यंत

कारण माहीत नसताना उपाय सापडणं हे इतिहासात नेहमीचं. ‘निवळणे’ हे आपलं क्रियापद आणि ‘निवळी’ हे एका झाडाचं नाव, संस्कृतात ‘कतक’. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टींची यादी आहे, तिची सुरुवात कतकापासून होते. पुढे गोमेद, कमळाचे कंद, शेवाळाची मुळं, कापड, मोती आणि मणी येतात. मनुस्मृतीतही हे झाड दाखल्यासाठी वापरलंय. नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही, फळ प्रत्यक्ष वापरावं लागतं, अशा अर्थाचा तो दाखला. म्हणजे तेव्हाच्या वाचकाला निवळी समजावून सांगायची गरज नव्हती.

निवळीची बी मडक्याच्या आत घासायची, वर पाणी भरायचं. आज आपल्याला कळतं की बियांतले लांबलचक रेणू एका कणाला आणि दुसऱ्याला एकाच वेळी धरतात, दोरीने मोळी बांधावी तसे. शेवग्याच्या बियाही पाणी निवळतात, पण त्यांची पद्धत वेगळी. त्यांच्यातलं प्रथिन धन प्रभाराचं असतं आणि ते कणांचा ऋण प्रभार थेट पुसतं.

तुरटीचा प्रवास मात्र आधी रंगाऱ्याच्या घरातून झाला. सुती कापडावर मंजिष्ठेसारखे वनस्पतींचे रंग सहजासहजी टिकत नाहीत. कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवलं की तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने सूत आणि दुसऱ्या हाताने रंग धरून ठेवतं. शतकानुशतकं तुरटी हा कापडधंद्याचा कच्चा माल होता. युरोपात तिच्या खाणींवरून राजकारण झालं. १४६० च्या दशकात इटलीत तोल्फा इथे तुरटी सापडल्यावर पोपच्या दरबाराला उत्पन्नाचं मोठं साधन मिळालं. पाणी निवळणं हा तिचा जोडधंदा. घरोघरी हंड्यात तुरटीचा खडा फिरवला जायचा, पण त्याचं शास्त्र कोणी मांडलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडची शहरं सांडपाण्याने तुंबली तेव्हा हर तऱ्हेचे प्रयोग झाले. १८६८ मध्ये तिथे एका प्रक्रियेचं पेटंट घेतलं गेलं, तिचं नाव ‘एबीसी’. ए म्हणजे तुरटी, बी म्हणजे रक्त, सी म्हणजे चिकणमाती आणि कोळसा. सांडपाण्यात खरोखरच जनावरांचं रक्त टाकायचे आणि तळाशी बसलेला गाळ खत म्हणून विकायचे. ऐकायला विचित्र, पण रक्तातली प्रथिनं कणांना बांधायचं काम करतात हा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. पुढे १८८५ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स इथे ऑस्टिन आणि विल्बर या दोघांनी पिण्याच्या पाण्यासाठी तुरटीचा पद्धतशीर अभ्यास केला. किती तुरटी, किती वेळ, पाण्यात काय उरतं, असे प्रश्न त्यांनी मोजून सोडवले.

तरीही तुरटीच का, हा प्रश्न उरलाच होता. त्याचं उत्तर पाण्यावर काम करणाऱ्यांकडून आलंच नाही.

मीठ दुबळं, तुरटी दांडगी

१८०९ मध्ये मॉस्कोतल्या रॉइस नावाच्या प्राध्यापकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या खोचायच्या, त्यांत पाणी भरायचं आणि बॅटरीची दोन टोकं त्यांत सोडायची. धन टोकाच्या नळीतलं पाणी गढूळ झालं. मातीचे कण चालत तिकडे गेले होते. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो याचा हा पहिला धडधडीत पुरावा.

१८५७ मध्ये मायकेल फॅरेडेने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले. पाणी माणकासारखं लाल दिसायचं. त्यात थोडं मीठ टाकलं की लाल रंग निळा व्हायचा, कारण कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ लागायचे.

खरी चावी १८८२ मध्ये हान्स शुल्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सापडली. आर्सेनिक सल्फाइडचे ऋण प्रभाराचे कण पाण्यात तरंगत ठेवून त्याने वेगवेगळे क्षार टाकून पाहिले. सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार भरपूर लागत होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे त्यापेक्षा फार कमी. ॲल्युमिनियमचे तर नखभर पुरत होते. सोडियमच्या आयनाचा प्रभार अधिक एक, कॅल्शियमचा अधिक दोन, ॲल्युमिनियमचा अधिक तीन. एक, दोन, तीन अशा पायऱ्या, पण ताकद मात्र शेकडो पटींनी वाढत होती. १९०० च्या सुमारास केंब्रिजच्या विल्यम हार्डीने अंड्याच्या पांढऱ्यावर प्रयोग करून त्यात भर घातली. कणाच्या उलट चिन्हाचा आयन महत्त्वाचा, आणि कणाचा प्रभार शून्याजवळ आला की कण एकत्र येतात. या दोघांच्या नावाने हा नियम आजही शिकवतात.

यात एक भारतीय नाव आहे आणि ते आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. कलकत्त्याचे ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये काम करत होते. कणावर प्रभार येतो कुठून आणि क्षारांतले आयन तो पुसतात कसा, यावरचा त्यांचा निबंध १९२१ मध्ये फॅरेडे सोसायटीच्या नियतकालिकात आला. भारतात परतल्यावर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग मातीच्या कणांवर घालवला. काळ्या मातीच्या देशातल्या माणसाने हा विषय शेताकडे नेला, हे मला फार आवडतं.

‘शेकडो पट’चं गणित १९४० च्या दशकात सुटलं. सोव्हिएत रशियात देर्यागिन आणि लँडाऊ, नेदरलँड्समध्ये फरवे आणि ओव्हरबेक यांनी स्वतंत्रपणे एकच सिद्धांत मांडला. प्रत्येक ऋण कणाभोवती पाण्यातल्या धन आयनांचा ढग जमतो. हा ढग पसरट असेल तर दोन कण लांबूनच एकमेकांना ढकलतात. ढग आक्रसला की ते इतके जवळ येतात की सगळ्याच पदार्थांमध्ये असणारं आपसातलं आकर्षण त्यांना चिकटवतं. आयनाचा प्रभार जितका जास्त तितका ढग आक्रसतो, आणि सिद्धांताच्या एका टोकाला हा परिणाम प्रभाराच्या सहाव्या घाताने वाढतो. एकाचा सहावा घात १, दोनाचा ६४, तीनाचा ७२९. तुरटी का, याचं उत्तर या ७२९ मध्ये आहे.

प्रत्यक्षात तुरटी आणखी एक काम करते. पाण्यात पडल्यावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट, कापसासारखे पुंजके तयार होतात आणि खाली जाता जाता उरलेले कण ओढून नेतात. या पुंजक्यांना सगळीकडे ‘फ्लॉक’ म्हणतात आणि ते जमवण्याच्या क्रियेला फ्लॉक्युलेशन.

जारमधला निर्णय

सोलापूरला पाणी तीन वाटांनी येतं. उजनीहून थेट जलवाहिनीने, भीमेवरच्या औज बंधाऱ्याजवळून, आणि ब्रिटिशांनी बांधलेल्या एकरुख म्हणजे हिप्परगा तलावातून. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांची नावं सोलापूरकरांना पाणी न आल्याच्या बातम्यांतून पाठ असतात. या वाटांवरचं पाणी सारखं नसतं. पहिल्या पावसाचा लोंढा आणि उन्हाळ्यातलं हिरवट पाणी यांना एकाच मापाने तुरटी चालत नाही.

त्यासाठी जगभर एक साधी चाचणी करतात, जार टेस्ट. सहा भांड्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण थोडं वाढवायचं. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास तसंच ठेवायचं. कोणत्या भांड्यातलं पाणी सर्वांत स्वच्छ, ते बघायचं. गंमत अशी की सर्वांत जास्त तुरटीचं भांडं नेहमी जिंकत नाही. प्रमाण वाढत गेलं तर कणांवरचा ऋण प्रभार पुसून वर धन प्रभार चढू शकतो. मग ते पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात आणि पाणी परत गढूळ. शून्य गाठायचं असतं, ओलांडायचं नसतं.

सावकाश ढवळण्याचंही कारण आहे. प्रभार पुसला तरी कणांची गाठभेट व्हावी लागते, पण जोरात ढवळलं तर जमलेले पुंजके तुटतात. छोट्या गावांत यासाठी मोटारी आणि पंखे चालवणं परवडत नाही. महाराष्ट्रातले अभियंता जे. एन. कर्डिले यांनी १९७० च्या दशकात यावर सुंदर तोड काढली. रामटेक, वरणगाव आणि चांदोरी इथल्या त्यांच्या केंद्रांत पाणी खडीच्या थरातून जातं. खडीच्या फटींतून वळणं घेत जाताना ते आपोआप हलकं ढवळलं जातं. गाळणीत वाळूच्या वर नारळाच्या करवंटीचा चुरा. वीज लागत नाही, बिघडायला काही नाही. आमच्या क्षेत्रात सगळ्यात चांगला कोड तो असतो जो लिहावाच लागत नाही. ही तशातली गोष्ट.

रंगाऱ्याच्या घरात मीठ आलं

आता पुन्हा टॉवेलकडे. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी निघाली, जिला गाव ‘जुनी मिल’ म्हणतं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घराघरांत माग लावले. चादर आणि टॉवेल या दोन्हींना आज भौगोलिक मानांकन आहे.

मिल निघून सात वर्षं झाली असतील नसतील, तोवर जर्मनीत रंगाऱ्याचं जग बदललं. १८८४ मध्ये पॉल ब्यॉटिगरने ‘काँगो रेड’ हा रंग शोधला. तुरटी किंवा दुसरं काही न लावता सुतावर थेट चढणारा हा पहिला कृत्रिम रंग. अशा थेट चढणाऱ्या रंगांच्या हंड्यात मीठ टाकलं की ते जास्त चांगले चढतात. पुढे १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. हे सुताशी पक्का रासायनिक बंध करतात, म्हणून धुवून उतरत नाहीत. टॉवेलला आणखी काय हवं? पण यांना मीठ आणखी जास्त लागतं.

असं का? सुती धागा पाण्यात ऋण प्रभाराचा. रंगाचा रेणू पाण्यात विरघळावा म्हणून त्याला जे गट जोडलेले असतात, तेही ऋण प्रभाराचे. दोघे एकमेकांना ढकलतात. मिठातल्या सोडियमने सुताभोवतीचा तो ढग आक्रसला की रंग धाग्याला टेकतो. भीमेच्या पाण्यात मातीचे कण तुरटीमुळे एकत्र येतात त्याच कारणाने.

पूर्व भागात एका मित्राच्या घरचं डाईंग आहे. मिठाची पोती रचलेली पाहून मी काकांना विचारलं, सगळं मीठ एकदम का नाही टाकत? ते म्हणाले, “एकदम टाकलं की रंग धावून बसतो, पट्टे येतात. तीन-चार हप्त्यांत टाकायचं. शेवटी सोडा.” ढगाचं गणित त्यांनी कधी वाचलेलं नाही. पण रंग किती वेगाने जवळ येऊ द्यायचा, हे ते रोज हाताने ठरवतात.

गडद छटेला लिटरमागे ८० ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं, कधी १०० पर्यंतही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम असतं. म्हणजे रंगाचा हंडा समुद्राच्या दुप्पट खारा. सोडियम एकट्या प्रभाराचा, दुबळा आयन. शुल्झच्या नियमाप्रमाणे त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर तो ढिगाने लागतो. आणि इथे तुरटीसारखा दांडगा आयन चालत नाही, कारण तो रंगालाच धरून हंड्यात गाळ करेल.

जे खाली बसत नाही

रिॲक्टिव्ह रंगातला सगळा रंग सुतावर बसत नाही. प्रकाराप्रमाणे १० ते ४० टक्के पाण्यात उरतो. ते पाणी टाकीत येतं, तिथे तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, चुना आणि वर लांब रेणूंचं पॉलिमर टाकतात. व्हॅट किंवा डिस्पर्स रंग पाण्यात कणांच्या रूपात असतात, ते यात झटकन बसतात. रिॲक्टिव्ह रंग विरघळलेला असल्याने जास्त त्रास देतो, पण योग्य पॉलिमर आणि पुढच्या प्रक्रिया वापरल्या तर पाण्याचा रंग बराच उतरतो.

मीठ मात्र एक कणही खाली बसत नाही. बसणार कसं? ते कण नाहीच. सोडियम आणि क्लोराइड पाण्यात मोकळे फिरणारे आयन आहेत, त्यांची मोळी बांधता येत नाही. उलट तुरटी टाकल्याने तिच्यातलं सल्फेट पाण्यात राहतं आणि विरघळलेले क्षार थोडे वाढतातच. टाकीतून निघालेलं पाणी डोळ्यांना नितळ दिसतं. फोटो काढून दाखवण्यासारखं. आणि ते खारं असतं.

हे पाणी शहराच्या सांडपाण्यात मिसळलं तर पुढे आणखी एक अडचण. सांडपाणी केंद्रात बॅक्टेरियांचे पुंजके घाण खातात आणि मग तळाशी बसतात. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी जगापुढे मांडली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. हे बॅक्टेरियाही ऋण प्रभाराचे. त्यांना एकत्र धरून ठेवतात पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, प्रत्येकी दोन हातांचे. पाण्यात सोडियम फार झालं तर एका हाताचा सोडियम त्यांची जागा घेतो आणि पुंजका सैल पडतो. गाळ नीट बसत नाही.

चोपण

शेवटचा मुक्काम शेत. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला ‘चोपण’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सोडियम जास्त असलेलं पाणी काळ्या मातीला वर्षानुवर्षं मिळालं, किंवा अतिपाण्याने आणि निचरा नसल्याने क्षार साठत गेले, की जमीन चोपण होते. मातीच्या पापुद्र्यांवरचं कॅल्शियम सुटतं, तिथे सोडियम बसतं. कण एकमेकांना धरत नाहीत, फुगतात, सुटे होतात आणि मातीतल्या फटी बुजवतात. पाणी वर साचून राहतं, वाळल्यावर वरचा थर दगडासारखा होतो, मुळांना हवा मिळत नाही. उपाय काय सांगतात? जिप्सम टाका, निचरा करा. जिप्सम म्हणजे कॅल्शियम. दोन हातांचा आयन परत आणून मातीचे कण पुन्हा बांधायचे.

आपल्याला पाण्याच्या टाकीत कण एकत्र यायला हवे असतात. शेतातही ते एकत्रच राहायला हवे असतात. सोडियम दोन्हीकडे घात करतो, फक्त शेतातला घात दिसायला दहा वर्षं लागतात.

ही भीती कागदावरची नाही. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये होजिअरीची शेकडो डाईंग युनिट्स नोय्यल नदीकाठी आहेत. नदीवर शेतीसाठी बांधलेलं ओरथुपालयम धरण डाईंगच्या खाऱ्या पाण्याने भरलं. ज्यांच्यासाठी धरण होतं त्याच शेतकऱ्यांनी ते पाणी नको म्हटलं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने डाईंग युनिट्स बंद करायचा आदेश दिला. सांडपाण्याचा एक थेंब बाहेर सोडणार नाही अशी व्यवस्था केल्याशिवाय परत सुरू करायचं नाही, अशी अट होती. हजारो कामगारांचा रोजगार त्यात अडकला. आज तिथे पाणी रिव्हर्स ऑस्मॉसिसमधून काढून पुन्हा वापरतात आणि उरलेलं द्रावण आटवून मीठ परत मिळवतात. हे खर्चाचं काम आहे, विजेचंही.

सोलापूर तिरुप्पूर नाही. इथली युनिट्स छोटी, पसरलेली, बरीचशी घरगुती. पण म्हणूनच इथे प्रश्न अवघड आहे. चार यंत्रमाग आणि एक डाईंग असलेल्या माणसाने आटवण्याचं यंत्र कुठून आणायचं? आणि दर्जा तपासायचा तर नजरेने नाही चालणार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा आहे, तशीच विरघळलेल्या एकूण क्षारांचीही आहे: लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. हे मोजायचं टीडीएस मीटर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतं. घरच्या प्युरिफायरवाल्याच्या खिशात ते असतंच. नाल्याच्या तोंडाशी आणि विहिरीच्या काठाशी ते तितक्याच सहज चालतं.

एक वाट मला खास वाटते, कारण ती या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी जाते. मीठ का लागतं? धागा ऋण आणि रंग ऋण म्हणून. मग धाग्याचाच प्रभार बदलला तर? सुताला आधी विशिष्ट रसायनाची प्रक्रिया देऊन त्याच्यावर धन प्रभार बसवता येतो. मग रंग स्वतःहून धाग्याकडे ओढला जातो, मीठ जवळजवळ लागत नाही आणि पाण्यात उरणारा रंगही कमी होतो. ही पद्धत प्रयोगशाळेतून कारखान्यांपर्यंत आलीय. तिचेही प्रश्न आहेत: खर्च, ते रसायन सांभाळून वापरणं, रंग सगळीकडे सारखा बसवणं.

हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. किलोमागे खर्च किती वाढेल, आणि पट्टे तर येणार नाहीत ना. पहिल्याचा अंदाज मी पुढच्या फेरीत त्यांना आकड्यांत देणार आहे. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याच हंड्यात, पाच किलो सुतावर बघायचं ठरलंय.